पहिला घास आणि नाल्याकाठची माती

रात्रभर झोप नाही. रविवारी माझ्या मुलीचं उष्टावण आहे. पहिला घास मामा भरवणार आणि तांदूळ पण मामाच्याच शेतातला. त्या शेतावर जाऊन आले, ते लिहिते.

भाऊ दिनेश, माझ्यापेक्षा लहान. डभोईच्या अलीकडे नाल्याला लागून शेत करतो. बडोद्यात आमच्या गोरव्याहून रिक्षाने डेपोला जा, तिथून डभोईची बस. सकाळची पकडा, बसायला मिळतं. फाट्यावर उतरा, तिथे गरम मेथीचे गोटे, म्हणजे भजी, मिळतात, छान असतात. पुढे पायी, रस्ता चांगला आहे, बाजूला कपाशी.

अंगणवाडीच्या बेन म्हणाल्या होत्या, कारखान्याचं पाणी शेतात शिरलं तर मातीत शिसं बसतं, लहान मुलांच्या डोक्याला वाईट. म्हणून गेले. नाल्याच्या पाण्यावर तवंग होता. पालक मात्र हिरवागार.

"दिनू, तपासायला थोडी माती दे."

"घे ने ताई! कोणी विचारलं माहेराहून काय आणलं, तर सांग, माती!"

त्याने पिशवी भरली ती अंगणातल्या तुळशीपाशी. तिला विहिरीचं पाणी. मी म्हटलं, ही कशाला?

"घरच्या लेकीला खराब देऊ का?"

त्याची बायको रेखा हसली. तिला सातवा महिना आहे. मी पिशवी घेतली. निघताना भाताच्या वाफ्यातली माती मीच दुसऱ्या पिशवीत भरली.

बडोद्याला लॅबमध्ये दोन्ही दिल्या. तुळशीची चांगली निघाली. भाताच्या मातीत शिसं जास्त, कॅडमियम पण जास्त.

मी लॅबवाल्याला विचारलं, "भाई, तांदूळ चार पाण्यांनी धुतला तर?"

"बेन, ते दाण्याच्या आत जातं. धुऊन निघत नाही."

घरी येऊन दिनूला फोन केला.

"चोरून माती नेलीस? माझा भात तुझ्या पोरीला विष?" म्हणाला आणि ठेवला. मग उचललाच नाही.

गरोदर होते तेव्हा त्याचीच भाजी खाल्ली मी. मुलगी हसते, खेळते. तरी डॉक्टरला दाखवणार आहे. उष्टावणासाठी त्याने दिलेल्या तांदळाचा डबा माळ्यावर ठेवलाय. फेकवत नाही, शिजवत पण नाही.

डभोईकडच्या आपल्या माणसांपैकी कोणी हे वाचत असेल, दिनूचा नंबर असेल, तर त्याला फोन करा. सांगा, रेखाला तो भात देऊ नको, दुकानातला आण. आणि रविवारी ये, हात हलवत ये. घास तूच भरवायचा, ताई दुसऱ्या कोणाला भरवू देणार नाही. माझा उचलत नाही तो. तुमचा उचलेल. लावा ना.