फावड्यासारखं नाणं
नाणं गोलच असायला हवं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? परवा तांब्याच्या भांड्यावर हिरवट डाग दिसला आणि एकोणीसशे सत्तरच्या सुमारास कलकत्त्याच्या गार्डन रीच भागात पाहिलेलं एक नाणं आठवलं. तेव्हा मी कॉलेजात होतो, झोळीत पत्रकं असायची आणि पैसा म्हणजे कष्टकऱ्यांच्या गळ्यातला फास, असं मी दिसेल त्याला ऐकवत असे. बोटींचं सुतारकाम करणाऱ्या म्हाताऱ्या चिनी मिस्त्रींनाही ऐकवलं. चीनशी युद्ध झाल्यापासून शेजारी त्यांच्याकडे फिरकत नसत. ते हसले आणि त्यांनी वडिलांच्या संग्रहाची पेटी उघडली. आत सुरीच्या आकाराची पाच-सहा नाणी होती, आणि फावड्यासारखं, दोन पायांचं, हिरवं पडलेलं एकच. "ये भी पैसा है, बाबू. दो हज़ार साल से पुराना." जमीन खणणाऱ्याच्या अवजाराचा पैसा! माझ्या अंगावर काटा आला. मी ते एका दिवसासाठी घरी मागून नेलं, आणि आई देवाची भांडी घासते तशी चिंच लावून त्याचा एक पाय लखलखीत केला. दुसऱ्या दिवशी ते पाहून मिस्त्रींचा चेहरा उतरला. "अरे बाबू, दो हज़ार साल धो डाला?" आता हाकलतील, असं वाटून मी मान खाली घातली. बराच वेळ ते नाण्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "चलो, अब इसमें तुम्हारा भी एक दिन है," आणि त्यांनी ते पेटीत जागच्या जागी ठेवलं. इतकं मोठं मन मला कुठल्याच पत्रकात भेटलं नव्हतं, अजूनही भेटलेलं नाही. तुमच्या घरात कधी असं नाणं निघालं, तर घासू नका. उजेडात धरून, आहे तसं हिरवंच पाहा.