दौंडच्या फलाटावरची घोंगडी

माझं अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकेल. चौथीच शिकले, सांभाळून घ्या.

आज घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीच्या वासानं दौंडचा फलाट आठवला. पुण्याला मामाकडे राहणारी माझी गौरी बर्फावरच्या हॉकीच्या ज्युनिअर स्पर्धेसाठी लडाखला निघाली होती. गाडी दौंडला थोडाच वेळ थांबणार, म्हणून मी शिरूरहून एसटीनं घोंगडी घेऊन आले होते. शहरातल्या पोरींसमोर ती घेईल का, हीच धाकधूक होती.

गाडी थांबली तशी गौरी डब्याच्या दारात आली. "आये, हे काय गं? टीमचं जाकीट हाय की!"

"बर्फात जाकिटानं काय हुतंय?"

मागची पोरगी हसली, "काकू, आम्हाला नाही आणली?"

गौरीनं घोंगडी ओढून घेतली आणि तिच्याही खांद्यावर टाकली. "घे, दोघींना पुरतीय."

गाडी हलली. हाक मारायला मी तोंड उघडलं, पण एवढ्या माणसांत लाज वाटली. दोघी हसत आत वळल्या.

स्पर्धेनंतर घोंगडी परत आली. गौरी मात्र हळूहळू लडाखचीच झाली, आता तिथंच पोरींना खेळ शिकवते.

आज घरात कुणी नव्हतं. तरी दाराला कडी लावली आणि मोठ्यानं हाक मारली, "गौरेऽ, जपून खेळ गं!"