एक न फोडलेलं कारीट

आमच्या रसाच्या काकीसमोर 'उरलं' म्हणायची कोणाची छाती नव्हती. टोपाच्या तळाला मूठभर पोहे दिसले आणि मी तोंड उघडलं की तिने डोळे वटारलेच. "फोव उरनत नाय गो, कोणाची तरी वाट बघतत," म्हणायची आणि टोपावर झाकण ठेवायची. कोणाची, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चावदिस म्हणजे दिवाळीची पहिली पहाट, आणि आमच्या मालवणाकडे चावदिस म्हणजे नव्या भाताचे पोहे. तिखट, दह्यातले, गूळखोबऱ्याचे, जोडीला काळ्या वाटाण्यांची उसळ. पण नारळाच्या दाट रसातले गोड पोहे काकीनेच करावेत. आई बिचारी पहाटेपासून चुलीशी राबायची, आणि लोक आल्या आल्या विचारणार, "रसातले खंय?" म्हणून ती रसाची काकी.

त्याआधी तुळशीपुढे कारीट फोडायचं. अंघोळ करून, 'गोविंदा' म्हणत, ते कडूजहर फळ डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं आणि बी जिभेला लावायची. कारीट फोडलं नाही त्याला पोहे नाहीत, हा काकीचा कायदा. घरातल्या प्रत्येकासाठी ती एकेक कारीट मांडायची आणि एक काकांसाठी. ते तसंच राहायचं.

काका ट्रॉलरवर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेले आणि वादळात सापडले. ट्रॉलरच्या फळ्या रेडीच्या किनाऱ्याला लागल्या, काका लागले नाहीत.

तेव्हापासून भाद्रपद आला की घरात वाद. पितरांचं जेवण घालतात त्याला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. थोरल्या भावाचा म्हाळ घालायचाच म्हणून बाबा अडून बसायचे. गाय आटली, कलमं मोहोरली नाहीत, माझं लग्न जुळेना, सगळ्याचं खापर काकांच्या अतृप्त आत्म्यावर. लग्न जुळत नव्हतं कारण स्थळांना मी नाही म्हणत होते, पण ऐकतो कोण! काकी मात्र एवढंच विचारायची, "जित्या माणसाचो म्हाळ घालशात?" त्या वर्षीचा म्हाळ राहायचा. तिने कुंकू पुसलं नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावर वाडीत कुजबुज चालायची, ती न बोलावता जाऊन बसायची.

चावदिशी काकांचं ताट वाढून ओटीवर त्यांच्या पाटापुढे झाकलेलं असायचं. त्या ताटाजवळून एकटीने जायला मी मोठी झाल्यावरही भ्यायचे, खोटं कशाला सांगू? अंगणात पाऊल वाजलं की काकी हातातला डाव तसाच धरून थांबायची. मग शेजारचं कोणी आत यायचं आणि ती हसून "येवा, बसा" म्हणायची. तिचं ते थांबणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दिवेलागणीला ते ताट गाईला जायचं.

शेवटच्या चावदिशी तिला धरून तुळशीपाशी न्यावं लागलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि तिला ते कळत होतं. आपलं कारीट फोडून झाल्यावर तिने काकांचं पुढे ओढलं. मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला. अंगठ्यात जोर उरला नव्हता, तेव्हा माझ्या खांद्यावर भार टाकून तिने ते चिरडलं. बी जिभेला लावली.

"आता म्हाळ घाला," ती बाबांना म्हणाली. "मी गेल्यार तेंची वाट कोण बघतलो?"

मग ओटीवर जाऊन तिने काकांचं ताट उघडलं आणि सगळे पोहे स्वतः खाल्ले. 

पुढच्या पावसाआधी ती गेली. तिचं वर्षश्राद्ध झाल्यावर आलेल्या भाद्रपदात बाबांनी दोघांची पानं मांडली. कावळे दोन्ही पानांना लगेच शिवले. भटजी म्हणाले, सुटले. मलाही वाटलं, सुटलं घर एकदाचं.

त्याच वर्षीच्या चावदिशी रसातले पोहे मी केले. रस पातळ झाला, पण कोणी नाव ठेवलं नाही. तुळशीपाशी गेले तर सगळी कारिटं फुटलेली, एक तेवढं कडेला अख्खं. चुकून राहिलं असेल म्हणून उचलायला वाकले.

"रवांदे," मागून बाबा म्हणाले. "दादाचा आसा ता."

म्हाळ तर तुम्हीच घातलात ना, मी म्हटलं. बाबा ओटीवर काकांचा पाट मांडत होते. इतकी वर्षं म्हाळासाठी भांडलेला माणूस माझ्याकडे न बघता बोलला.

"वैनीन इचारल्यान होता मां, वाट कोण बघतलो म्हणान? मी बघतंय."