डोक्यावरची अक्षरं

लंडनच्या हॅरोहून सकाळच्या ट्रेनला माझ्या शेजारी एक मराठी काकू बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. बसल्या की हातमोजे काढून मांडीवर ठेवायच्या आणि फोनवर नवऱ्याचा एखादा फोटो उघडून त्यावर ‘सुप्रभात’ टाकायच्या, नातेवाइकांच्या ग्रुपसाठी. अक्षरं लालभडक, आणि नेमकी नवऱ्याच्या डोक्यावर. मागे अख्खं आकाश मोकळं पडलेलं!

मी ॲपचे स्क्रीन डिझाइन करतो. फोटोवर मजकूर कुठे ठेवायचा, याचाच मला पगार मिळतो. एकदा राहवेना. म्हणालो, “काकू, अक्षरं आकाशात सरकवा ना.” त्यांनी लगेच सरकवली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सुप्रभात पुन्हा डोक्यावर.

“काल सगळ्या ग्रुपला ह्यांचं टक्कल दिसलं,” काकू म्हणाल्या. “दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी.”

“पण फोटोतल्या माणसाला झाकायचं नाही, हा आमचा पहिला रूल आहे.”

“लग्न झालंय का रे तुझं?”

“नाही.”

“मग असू दे तुझा रूल.”

आणि नवऱ्याची टोपी नीट करावी, तशी त्यांनी अंगठ्याने ती अक्षरं हलकेच कपाळावर ओढली.