'कधीही नाही' म्हणणारी आत्या

आमच्या सबंध घराण्याला मिळून जेवढी स्मरणशक्ती द्यायची ठरली असेल, तेवढी सगळी एकट्या माझ्या आत्याला देऊन टाकण्यात आली. बाकीच्यांच्या वाट्याला नुसत्या हरवलेल्या किल्ल्या आल्या. आत्या साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावायचा तर आधी तिचा आवाज ऐकायचा आणि मग पलीकडच्या माणसाचा. त्या काळात साताऱ्यातले झाडून सगळे नंबर तिला पाठ होते. पुढं सगळं यंत्रावर गेलं, ती रिटायर झाली, तरी ते डोक्यातून उतरले नाहीत. तिच्या लेखी गावात माणसं राहतच नाहीत, नंबर राहतात. "एकशे सत्तावीसच्या नातीचं लग्न ठरलं," असं ती सहज सांगते, आणि ते कोण, हे समोरच्यानं आपलं आपण ओळखायचं. एकदा "दोनशे चौदा वारले," असं ती इतक्या कळवळून म्हणाली की माझी बायको, जी तेव्हा नवी नवरी होती, तिच्या हातातला कप खाली आला. "अगं बाई! इतके? कशानं?"

आत्याला आवाज दोन. एक ड्यूटीचा आणि एक घरचा. ड्यूटीच्या आवाजात "कृपया लाइनवर राहा, आपला कॉल लागतो आहे" असं ती म्हणाली की पलीकडचा माणूस शर्टाची बटणं लावून बसत असणार. फोन ठेवला की तीच आत्या आमच्यावर गरजायची, "आरं गड्या, थांब की जरा, लय घाई तुमाला!" लोकांचे चेहरे तिला ठाऊक नसत, आवाज मात्र नेमके ठाऊक. लोणंदला एका लग्नात आमच्या मागच्या रांगेत कुणी म्हातारे गृहस्थ उसाच्या दराबद्दल तावातावानं बोलत होते. आत्या मान न वळवता म्हणाली, "तुम्ही लाकडाच्या वखारीवाले ना? दुपारी लाइन मिळायची नाही आणि तुम्ही माझ्यावर ओरडायचा." गृहस्थ उठून समोर आले आणि हात जोडून उभे राहिले. "बाई, इतकी वर्सं भांडलो तुमच्याशी, तोंड आज बघतोय." मग त्यांनी वाढप्याला हाक मारून तिच्या पानात पाच जिलब्या घालायला लावल्या. स्वतःचं लग्न मात्र आत्यानं केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणते, "रातपाळीच्या बाईला कोण करून घेतंय?" आणि विषय बदलते.

तिच्या मोबाइलमध्ये एकही नाव साठवलेलं नाही. प्रत्येक वेळी ती दहाच्या दहा आकडे दाबते. "नाव साठवायचं आन् नंबर इसरायचा, ही कसली तऱ्हा?" असं तिचं म्हणणं. मी सांगलीला एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसतो. एवढ्या भांडवलावर घरातले मला इंजिनिअर समजतात. म्हणून माझा जुना लॅपटॉप तिला द्यायचा आणि शिकवायचा मान मला मिळाला. चार रविवारांत ती माझ्यापेक्षा वेगानं टाइप करू लागली. थोड्याच दिवसांत सगळ्या गल्लीची रेल्वेची तिकिटं तीच काढायला लागली. बुकिंग सकाळी आठला उघडतं. आत्या साडेसातलाच आंघोळ करून, केसांना तेल लावून, पूर्वी ड्यूटीवर बसायची तशी ताठ बसलेली असे. "अगं, कशाला हे उद्योग?" मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, "माणूस माणसाला जोडून द्यायचा, एवढंच मला येतंय."

इंटरनेटचा ब्राउझर मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यात गेला. कुठल्याही साइटवर पासवर्ड घातला की वरच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडायची: पासवर्ड सेव्ह करायचा का? आत्याला तो उघड उघड अपमान वाटला. "मला इचारतंय, लक्षात ठिवू का म्हणून! मी नंबर पाठ करत हुते तवा तुझा जल्म तरी झालावता का रं?" असं त्याला सुनावून, डास मारावा तशी ती 'कधीही नाही' या बटणावर बोट आपटायची. रेल्वे, वीजबिल, गॅस, बँक, पेन्शन, सगळीकडे 'कधीही नाही'. मला त्याचं हसू यायचं. गावाकडे जाऊन मी हे सांगायचो आणि सगळे हसायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला. "रविवारी तुला सवड होईल का? संगणकाचं थोडं काम आहे." मी दचकलो. घरच्या माणसाशी आत्या ड्यूटीच्या आवाजात बोलली की काहीतरी बिनसलेलं असतं.

रविवारी पहिल्या एसटीनं साताऱ्याला गेलो. पोहे झाले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. विहारातल्या कार्यक्रमाचं तिनं सांगितलं, माझ्या बायकोच्या गुडघेदुखीचं विचारलं. भरतकामाचा रुमाल पांघरून लॅपटॉप टेबलावर झाकून ठेवला होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. शेवटी मीच रुमाल काढला.

"काय झालंय ह्याला?"

"ते इचारत न्हाई आता," आत्या म्हणाली.

"कोण? काय विचारत नाही?"

"ह्यो. आधी इचारायचं, लक्षात ठिवू का म्हणून. आता पासवर्ड घातला तरी गप बसतंय. बिघडलंय जणू."

"बिघडलं नाही गं. तू 'कधीही नाही' म्हणालीस ना? मग त्या साइटवर ते परत विचारत नाही."

"म्हंजे त्यानं माझं ऐकलं?"

"ऐकलं."

"एवढं कुणी ऐकत असतंय व्हय?" ती म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही.

मग हळूहळू बाहेर आलं. शेजारच्या बागवानकाकांची मुलगी भोपाळला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण. काका आणि काकू दोघांनी जायचं ठरवलं होतं आणि तिकिटाचं काम अर्थातच आत्याकडे. ती आठला बसली आणि रेल्वेचा पासवर्ड आठवेना. एक घातला, चुकला. दुसरा घातला, चुकला. दोन-तीनदा आणखी चुकल्यावर खातं बंद झालं. भिंतीपलीकडे काका फोनची वाट बघत होते. "मी त्येनला सांगितलं, साइट बंद हाय," आत्या म्हणाली. "खोटं बोलले रं मी. ते म्हणालं, 'आवं ताई, असू दे, तुमी काय करणार.' आन् चार केळी ठिवून गेलं." टेबलावर कागदात ती केळी तशीच होती, काळी पडायला लागलेली.

मी नवा पासवर्ड मागवला, मोबाइलवर आलेला आकडा घातला, खातं उघडलं. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेलो. पासवर्डच्या पानावर खाली, ज्यांचा पासवर्ड कधीही सेव्ह करायचा नाही अशा साइटची नावं एकाखाली एक लागली होती. प्रत्येकीपुढे एक बारीक फुली. ती दाबली की बंदी उठते आणि ब्राउझर पुन्हा विचारू लागतो, असं मी तिला सांगितलं. चष्मा सावरून आत्या पुढं झाली.

"सगळ्या काढू?" मी विचारलं.

"रेल्वेची काढ. विजेची काढ. गॅसची..." ती थांबली. "काढ. बँकेचं ऱ्हाऊ दे. तेवढं मी बघीन."

"बघशील ना?"

"बघीन म्हणाले ना!" हा आवाज घरचा होता. मला जरा बरं वाटलं.

मग रेल्वेची साइट उघडून तिनं नवा पासवर्ड घातला. वरच्या कोपऱ्यात चौकट आली. आत्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता बोट आपटणार. पण तिनं 'सेव्ह' वर अगदी हलकं टिचकावलं. मी तिला एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायला लावलं. या वेळी पासवर्डच्या जागी आपोआप काळे ठिपके उमटले.

"काय लिवलंय ते दाखवत न्हाई?"

"नाही. कुणी मागून बघू नये म्हणून."

"शाणं हाय," आत्या म्हणाली. सबंध आयुष्यात तिनं कुठल्याही यंत्राची केलेली ही एकमेव स्तुती.

दुसऱ्या दिवशी तिकिटं निघाली. एक दिवस पुढची मिळाली, पण दोन्ही बर्थ पक्के. ही बातमी फोनवर न सांगता आत्या स्वतः बागवानकाकांच्या दारात गेली. मी रविवारी रात्री तिथंच राहिलो होतो, म्हणून मागोमाग गेलो. तिनं आधी तिकिटाचा कागद त्यांच्या हातात दिला आणि मग ताठ उभी राहून म्हणाली, "साइट बंद नव्हती त्या दिशी. मी पासवर्ड इसरले." काकांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "आवं, ऐकलं का? ताई बी इसरल्या! आता आमाला काय बोलू नका!" आतून काकूंचं हसू ऐकू आलं. काकांनी आत्याला खुर्चीवर बसवलं आणि चहा टाकायला सांगितला. आत्या पदरानं कपाळ पुसत होती, पण तिचे खांदे सैल झाले होते.

मी सांगलीला परत आलो. संध्याकाळी सातला तिचा फोन आला. "पोचलास?" मी म्हणालो, पोचलो. सुनेचा गुडघा कसा आहे, तिनं विचारलं. मी सांगितलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, आता बरा आहे. मग भोपाळला किती थंडी असेल, काकूंनी स्वेटर घेतला असेल का, असं ती थोडं बोलली आणि फोन ठेवला. अर्ध्या तासानं पुन्हा फोन वाजला.

"पोचलास व्हय रं? आन् सुनंचा गुडघा कसा हाय?"

बायको समोर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीशी गेलो, आणि डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कुठल्या, सकाळी कुठली आणि रात्री कुठली, हे सगळं पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं नीट, सावकाश सांगितलं.