पासपोर्टला लावलेलं कुंकू

चार वर्षांपूर्वी पुण्यात मी दादाचा दात तोडला. वडिलांची स्कूटर मी न विचारता भंगारात दिली म्हणून त्याने माझी कॉलर धरली, मी ठोसा हाणला. पुढचा अर्धा दात फरशीवर, शर्ट रक्ताने माखलेला. मग तो नोकरीसाठी बँकॉकला गेला, मी टोकियोला. बोलणं बंद. आणि अचानक त्याचा फोन : "पन्नाशी आहे माझी. आलास तर ये. नाही आलास तर मेलास मला."

तेव्हा आपल्याला थायलंडला जायला व्हिसा लागायचा. माझा पासपोर्ट नुकताच नवा होऊन आला होता. आईने व्हिडिओ कॉलवर बजावलं, "देवापुढे ठेव, कुंकू लाव रे." शहाणा माणूस कव्हरला बोट टेकवतो. मला वाटलं, बाहेरचं पुसलं जाईल. म्हणून आत, फोटोसमोरच्या पानावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि पासपोर्ट मिटून टाकला.

व्हिसाच्या काउंटरवरच्या बाईंनी तो उघडला आणि हात झटकन मागे घेतला. फोटोतल्या माझ्या गळ्यावरून लाल ओघळ आले होते. राष्ट्रीयत्वाची ओळ त्यातच बुडाली होती.

"हे रक्त आहे?"

"नाही, पूजा."

"तुम्ही भारतीय नागरिक आहात असं तुमच्या दूतावासाकडून लिहून आणा."

दूतावासात जायचं सोडून मी हिगाशी-कसाईला घरी आलो आणि बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर उपसलं. कापसाने घासलं, मग खोडरबराने, मग दात-ओठ खाऊन नखाने. कुंकू हललं नाही. फोटोतलं माझं नाक निघून आलं. मी वॉशिंग मशीनला लाथ घातली. मशीन जपानी, त्याला काही झालं नाही. अंगठा माझा, तो मोडला.

बायको दारात उभी होती. "आणखी काय फोडायचंय? मिक्सर काढून देऊ?"

लंगडत भारतीय दूतावासात गेलो. नवीन पासपोर्टला काही आठवडे लागणार होते; पन्नाशी नऊ दिवसांवर. दादाला फोन करून सगळं सांगितलं, कुंकवासकट. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मेसेज आला. "माझ्याकडे जपानचा व्हिसा आहे, कंपनीचा. उद्या सकाळी नारिता विमानतळ. न्यायला ये."

तो बाहेर आला, बॅग नीट भिंतीला टेकवून ठेवली, चष्मा खिशात घातला आणि माझ्या कानाखाली असा आवाज काढला की आख्खा टर्मिनल वळला. एक पोलीस धावत आला. दोघांचे कागद मागितले. मी खिशातलं रेसिडेन्स कार्ड दिलं.

"हे तुमचे कोण?" त्याने जपानीत विचारलं.

"थोरले भाऊ."

त्याचा काही विश्वास बसेना.

"काय म्हणतोय?" दादाने विचारलं.

"तू माझा भाऊ आहेस याचा पुरावा मागतोय."

दादाने तोंड उघडलं, अर्ध्या दातावर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्या छातीत खुपसलं.

"अरे, चार वर्षं झाली. कॅप नाही बसवलीस?"

"तू भेटेपर्यंत ठेवला होता, गाढवा."

पोलिसाने तो दात बघितला, माझ्या गालावर उमटलेली पाच बोटं बघितली, आणि वाकून कार्ड परत दिलं.