लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवरचा अभ्यास

वर्तन-विश्लेषणाच्या पेपरात मी एकदा आपटले होते. भिवंडीतल्या विशेष मुलांच्या शाळेत मी मदतनीस. डिप्लोमा पुरा झाला तरच वर्ग माझ्या हाती येणार. मोठ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "यंदा जमलं नाही, तर दुसरी बघावी लागेल." मला तो वर्ग हवा होता, अगदी जीव तोडून हवा होता.

म्हणून कार्डं केली. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापल्या आणि कोऱ्या बाजूवर पुस्तकातल्या व्याख्या मुंगीएवढ्या अक्षरात उतरवल्या. दुपारी सासूबाई सुकट निवडायच्या, मी शेजारी बसून घडाघडा म्हणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. एकदा म्हणाल्या, "तुजा बरोबर हाय का न्हाय, मला कसा समजल? घरातला कायतरी सांग ना!"

मी तोऱ्यात म्हटलं, "नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा. आता बघा, खालच्या कारखान्यातले लूम सुरू झाले की तुम्ही खिडकी लावता, आवाज कमी होतो."

"मंग यात शिक्षा कुनाला झाली? माजा तर बरा झाला. म्हनून तर रोज लावते!"

अगं आई गं! त्रास टळतो म्हणून ती गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा करतो, हेच तर ते. शिक्षेनं वागणं कमी होतं, इथे वाढत होतं. वर्षभर मी उलटंच पाठ करत बसले होते.

सगळा गठ्ठा केरात टाकला, रागानेच. नवीन कार्डांवर पुढे घरातला एकच प्रसंग, मागे फक्त नाव. ज्या दोन नावांत घोळ व्हायचा, त्यांचे प्रसंग जवळजवळ सारखे घेतले. चुकलेलं कार्ड लगेच पुन्हा वर यायचं. प्रसंग सासूबाई पुरवायच्या, तेही हसत. "नात रडली का तू बिस्किट देतेस. मंग ती रडल नाय तर काय करल?"

पेपरच्या दोन दिवस आधी म्हणाल्या, "आता माजा एक. तुज्या कामाला मी काय बोलली का तू अंगावर येतेस. म्हनून मी बोलायचा सोडलाय. याचा नाव काय?"

उत्तर लगेच आलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? कार्ड लिहिलं आणि मागे 'शिक्षा' असं नाव घातलं.

पेपरात शिक्षेचं स्वतःचं उदाहरण विचारलं होतं. मी तेच लिहिलं. पास झाले, वर्ग मिळाला. निकाल सांगायला धावतच घरी आले.

सासूबाईंनी सुपावरून मान वर केली. "मंग आता बोलू?"

"बोला ना, आई."

"तुजी आमटी खारट असते. पयल्या दिवसापासून."

तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि विचारलं, "मग मीठ किती घालू?"